पाच टनांचा साहेब

आमच्या बिरवाडीला रेल्वे नाही. महाड शहराला नाही, पोलादपूरला तर नाहीच नाही. गाडी पकडायची म्हणजे आधी एस.टी. नाहीतर मिनिडोरने महाड गाठायचं आणि तिथून वीर स्टेशन. १९९३ साली कोकण रेल्वे वीरपर्यंत आली, तेव्हा आमचे बाबा कॉलेजात होते. नुसती गाडी बघायला म्हणून ते मित्रांबरोबर सायकलवर वीरला गेले होते. येताना दोन ठिकाणी पंक्चर काढावं लागलं. ही गोष्ट आमच्या घरी अजून निघते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा रूम पार्टनर. हा गडी बार्शीचा. पहिल्या वर्षी होस्टेलला आल्या आल्या त्याने मला ऐकवलं, की तुमच्याकडे १९९३ ला आगगाडी आली, आमच्याकडे १८९७ ला! त्यानंतर कुठलाही वाद सुरू झाला, मेसच्या भाजीवरून असो नाहीतर क्रिकेटवरून, की शेवटी गाडी येऊन थांबायची ती बार्शी लाईटवरच. त्याचे आजोबा म्हणे चालत्या बार्शी लाईटमधून उतरून, ओढ्याचं पाणी पिऊन परत त्याच डब्यात चढायचे. ही गोष्ट प्रत्येक बार्शीकराच्या आजोबांची असते, हे मला पुढे कळलं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही सातजण माथेरानला गेलो. नेरळला छोट्या गाडीत बसायच्या आधी बरंच हुंदडलो. तिथे दार्जिलिंगहून आणलेलं वाफेचं इंजिन आहे, बी वर्गातलं, क्रमांक ७९४. त्याच्या बहिणी दार्जिलिंगला आजही धूर सोडत प्रवासी गाड्या ओढतात. पहिली १८८९ साली ग्लासगोहून आली होती! आपल्या मोबाईलला तीन वर्षं झाली की तो हँग होतो, आणि ही इंजिनं शंभरी पार करून घाट चढतायत. दिल्लीकडची १८५५ ची फेअरी क्वीन तर त्यांची पणजी शोभेल. ती १९०९ ला सेवेतून निवृत्त झाली, कितीतरी वर्षं नुसती शोभेला उभी राहिली आणि १९९७ मध्ये पुन्हा रुळावर धावली.

परत आल्यावर मी उत्साहाने थिअरी ऑफ मशीन्सच्या सरांना फोटो दाखवले. सरांनी फोटो बघितले आणि एकच प्रश्न टाकला. दार्जिलिंगचं इंजिन चार चाकांचं, म्हणजे दोनच आसांचं, ते वळणावर वळेल. पण माथेरानची मूळची इंजिनं सहा चाकांची होती. तीन आस एका सरळ चौकटीत घट्ट बसवलेले आणि रूळ तर जिलेबीसारखा. मग इंजिन वळायचं कसं? आम्ही सगळे गप्प. सर हसले आणि म्हणाले, पुढच्या प्रॅक्टिकलला सांगा.

त्या उत्तराच्या मागे लागलो आणि एका साहेबाची गाठ पडली. माथेरान रेल्वेचा सल्लागार अभियंता आणि बार्शी लाईटचा जन्मदाता, दोन्ही एकच माणूस. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. रूम पार्टनरला सांगितलं तर त्याला हे नावच माहीत नव्हतं. चार पिढ्या ज्या गाडीत बसल्या, ती कोणी बनवली याचा पत्ता नाही! (अर्थात मलाही वीरचा पूल कोणी बांधला ते माहीत नाही, म्हणून जास्त ताणलं नाही.)

कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडच्या लिंकनशायरमधला. घर शेतकऱ्याचं. हा मुलखही सखल, दलदल उपसून काढलेल्या मऊ जमिनीचा. अशा जमिनीत भरलेली गाडी रुतते कशी आणि ओझं पसरून टाकलं की चालते कशी, हे त्या पोराने लहानपणीच पाहिलं असेल का? हा आपला माझा अंदाज. पावसाळ्यात काळ नदीकाठच्या शेतात ट्रॅक्टर रुतताना मी पाहिलाय, म्हणून सुचलं.

त्याचं शिक्षण वर्कशॉपमध्येच झालं म्हणायला हरकत नाही. सुरुवात केली ती रॉबर्ट स्टीफन्सनच्या कंपनीत. म्हणजे आगगाडीच्या माहेरघरातच! मग १८७४ मध्ये क्रूच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी आणि १८७९ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेत. आपल्याकडे चार वर्षांत एकदा इंडस्ट्रियल व्हिजिट होते आणि त्यातही निम्मा वेळ जेवणात जातो. हा माणूस पंचविशीच्या आत तीन मोठ्या कारखान्यांचं पाणी पिऊन तयार झाला होता.

१८८२ साली तो भारतात आला. नोकरी जी.आय.पी. रेल्वेत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरची. ही तीच कंपनी, जिने १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी चालवली आणि पुढे भोर आणि थळ घाट फोडून लोखंडी रस्ता देशावर नेला. कॅलथ्रॉप आला तेव्हा मुख्य मार्ग तयार होते. पण मुख्य मार्गाच्या दोन्ही अंगांना काय होतं? बैलगाडी. बार्शी म्हणजे त्या काळी कापसाची आणि धान्याची जबरदस्त पेठ. माल यायचा मराठवाड्यातून, निजामाच्या मुलखातून. आणि तो मुंबईला पाठवायचा तर वीसएक मैल बैलगाडीने बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला न्यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतायची. बैल मरायचे, माल भिजायचा.

मग तिथे रेल्वे का नाही टाकत? कारण मोठ्या रेल्वेचा खर्च. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फुटांची. तिला रुंद भराव हवा, जाड रूळ हवेत, दणकट पूल हवेत. बार्शीसारख्या एका गावासाठी एवढा पैसा कोण घालणार? व्यापार भरपूर, पण भांडवल परत मिळेल एवढा नाही. आज आमच्या भागातल्या लोकांना नवीन मार्गाबद्दल जे उत्तर मिळतं, तेच उत्तर. हिशोब बसत नाही.

कॅलथ्रॉपने तो हिशोब उलट्या बाजूने मांडला, आणि मला वाटतं त्याचं सगळं मोठेपण इथेच आहे. तोपर्यंत स्वस्त रेल्वे म्हणजे काय, तर रुळांतलं अंतर कमी करायचं, सगळं छोटं करायचं. छोटी गाडी, छोटा डबा, छोटा माल. कॅलथ्रॉप म्हणाला, अंतर किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की एक आस रुळावर किती वजन टाकतो. आपल्या भाषेत ॲक्सल लोड. रूळ किती जाड लागेल, पूल किती भक्कम लागेल, भरावाला किती दगड लागेल, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, तर एका आसाखाली येणाऱ्या वजनावर ठरतं. त्याने आकडा ठरवला: पाच टन. इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही आसाखाली पाच टनांवर वजन नको. मात्र प्रत्येक आसाने शक्य तेवढं, पाचाच्या जवळ ओझं घ्यायचं. कोणी रिकामटेकडा नको आणि कोणी मेटाकुटीला आलेला नको.

पाच टन ठरले की रूळ ठरला. यार्डाला तीस पौंड वजनाचा. म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो आणि मालगाडीचा एकेक आस बावीस टनांच्या वर ओझं टाकतो. यावरून अंदाज करा. रुळांतलं अंतर त्याने घेतलं अडीच फूट. फार अरुंद नाही, त्यामुळे डबा ऐसपैस होतो, आणि फार रुंद नाही, त्यामुळे वळणं घेता येतात.

आता इंजिनाचा विचार करा. इंजिन हे जड असावंच लागतं. हलकं केलं तर चाकं जागच्या जागी घसरतील, गाडी हलणार नाही. (फ्रिक्शनचा पहिला धडा. त्यात मला के.टी. लागली होती तो भाग वेगळा.) मग जड इंजिन पाच टनांच्या नियमात बसवायचं कसं? जास्त आस देऊन. लीड्सच्या किटसन कंपनीकडून बार्शीसाठी जी इंजिनं आली, त्यांना ओढणारी आठ चाकं होती आणि मागे वजन पेलायला आणखी चार. सहा आस गुणिले पाच, म्हणजे तीस टनांपर्यंत इंजिन नेता येतं. त्यातले वीस टन ओढणाऱ्या चाकांवर. घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर पाच टनांची ओढ मिळते. रूळ मात्र सायकलच्या दांडीसारखा! डबेही त्याने लाकडी ओंडक्यांचे न करता दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यांवर केले. सांगाडा हलका झाला की तेवढा माल जास्त बसतो.

हे सगळं कागदावर छान. पण पैसेवाले कागदावर विश्वास ठेवत नाहीत. त्याने नोकरी सोडली, मायदेशी सल्लागाराचं काम सुरू केलं, पण बार्शी डोक्यातून गेली नाही. सरकारशी पत्रव्यवहार, करार, भांडवल, यात वर्षांमागून वर्षं गेली. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली. गाड्या भारतात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळ टाकला आणि इंजिन-डबे चालवून दाखवले. आपण प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री मॉडेल पहिल्यांदा चालू करून बघतो. तो वेगळा संप्रदाय!

१८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली. एका बाजूला कापूस आणि ज्वारी, दुसऱ्या बाजूला वारकरी. आषाढी-कार्तिकीला या गाडीच्या टपावर माणसं बसायची. पाच टनांचा नियम विठ्ठलाच्या पायी किती पाळला गेला असेल, ते त्यालाच ठाऊक. १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा झाला. लातूरच्या पेठेला रुळाची जोड मिळाली ती याच गाडीने. आणि ही कंपनी खाजगीच राहिली, थेट १९५४ मध्ये सरकारने घेईपर्यंत.

पण साहेबाचं प्रत्येक गणित बरोबर आलं असं नाही. इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड नावाच्या दरीत त्याने बार्शीच्याच धर्तीवर, अडीच फुटांची छोटी रेल्वे उभी केली. १९०४ ला ती सुरू झाली. तिथे त्याने एक गंमत केली. मोठ्या रेल्वेचा अख्खा मालडबाच उचलून छोट्या गाडीच्या बैठ्या वाहनावर चढवायचा, म्हणजे माल उतरवून पुन्हा भरायची कटकट नाही. आज कोकण रेल्वेवर ट्रक गाडीवर चढवून नेतात, त्याच जातीची कल्पना. दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव होतं. यंत्रं उत्तम, डबे सुंदर, पण दरीत माणसंच नव्हती. गावं वर डोंगरावर आणि रूळ खाली नदीकाठी. दुधाचे कॅन तेवढे जायचे, तेही पुढे लॉरीने पळवले. १९३४ मध्ये गाडी बंद. बार्शीला ओझं तयार होतं, फक्त वाहन नव्हतं. इथे वाहन तयार होतं, ओझंच नव्हतं. आपल्या अभ्यासक्रमात हे कुठल्या विषयात शिकवतात, मला अजून सापडलेलं नाही.

आता माथेरान, आणि सरांचा प्रश्न. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे मोठे उद्योगपती. त्यांनी सोळा लाख रुपये घातले आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ते १९०७ या काळात नेरळ ते माथेरान गाडीचं काम तडीस नेलं. वीसेक किलोमीटरचा मार्ग, दोन फुटांचा रूळ, आणि चढ वीसास एक. म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कोकण रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ दीडशेस एक आहे, यावरून काय ते समजा. कोकण रेल्वेने डोंगर फोडून सरळ बोगदे काढले. माथेरानची गाडी डोंगराला हात न लावता त्याच्या अंगाखांद्यावरून वळत जाते. बोगदा नावाला एकच. त्यामुळे वळणावर वळण.

इंजिनं बर्लिनच्या ऑरेन्स्टाइन आणि कॉपेल कंपनीची, चार. तीन आसांची. कॅलथ्रॉपने त्यांच्यासाठी निवडली क्लीन-लिंडनर पद्धत, दोघा जर्मन अभियंत्यांच्या नावाची. युक्ती अशी: मधला आस साधा. पुढचा आणि मागचा आस मात्र प्रत्येकी दोन भागांचा. आत एक भरीव दांडा, तो चौकटीत पक्का, आणि कपलिंग रॉड त्यालाच जोडलेला. त्या दांड्यावर बाहेरून चढवलेली एक पोकळ नळी, आणि चाकं या नळीला. दांडा आणि नळी यांची गाठ फक्त मध्यभागी, चेंडूसारख्या गोल जोडाने आणि आडव्या पिनने. दांडा फिरला की पिन नळीलाही फिरवते, म्हणजे चाकं फिरतात. पण नळीला थोडं तिरकं व्हायची आणि थोडं बाजूला सरकायची मोकळीक असते. त्यामुळे वरून बघाल तर इंजिन एकदम ताठ, आणि आत चाकं मुकाट्याने वळणाप्रमाणे वाकतायत. आमच्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, एकत्र कुटुंबात सुना असंच करतात. यावर मी काही बोललो नाही.

ही चार इंजिनं साधारण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घाट चढत होती. मग डिझेल आलं. एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक परदेशी गेलं आणि इंग्लंडमध्ये जपलं गेलं.

या मार्गाचा आणि आमच्या तालुक्याचा एक दुखरा धागा आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने माथेरानचा रूळ जागोजागी वाहून नेला. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, नेमकं शंभरावं वर्ष. त्याच पावसात आमच्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. मी तेव्हा तान्हा होतो. घरात त्या रात्रीबद्दल बोलणं निघालं की आई उठून आत जाते. पुढे २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला, दोन एस.टी. आणि एक गाडी घेऊन. तेव्हा मी पाचवीत होतो. आठवडाभर शाळेत दुसरा विषय नव्हता. मेकॅनिकलला आलो तेव्हा मला वाटायचं, वजन म्हणजे नुसता एक बाण, एफबीडीवर खाली काढायचा. कॅलथ्रॉपचं वाचताना पहिल्यांदा असं वाटलं, की हा बाण कुठेतरी जाऊन टेकतो, आणि जिथे टेकतो तिथलं कोणीतरी आधी बघायला हवं.

कॅलथ्रॉपच्या आयुष्याचा शेवटचा भाग रेल्वेचा नाहीच, आणि मला तोच सगळ्यात जास्त लागला. रोल्स-रॉइसमधला रोल्स, म्हणजे चार्ल्स रोल्स, त्याचा मित्र होता. १२ जुलै १९१० ला बोर्नमथच्या हवाई मेळ्यात रोल्सचं विमान मोडून पडलं आणि तो गेला. उंची फारशी नव्हती, पण वाचायचं साधन काहीच नव्हतं. कॅलथ्रॉप तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. या वयात माणसं निवृत्तीचे हिशोब करतात. हा पॅराशूटच्या मागे लागला.

त्याचं पॅराशूट विमानाला बांधलेल्या डब्यात घडी करून ठेवलेलं असायचं. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ते ओढलं जाऊन उघडायचं. दोरी खेचायला विसरलो, हात मोडला, शुद्ध हरपली, तरी हरकत नाही. नाव ठेवलं गार्डियन एंजल, म्हणजे रक्षण करणारा देवदूत. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्याने ते सैन्याच्या विमानदलापुढे ठेवलं. चाचण्या झाल्या, चांगल्या झाल्या. तरी लढाऊ विमानांच्या वैमानिकांना ते दिलं गेलं नाही. वजन जास्त आहे, जागा अडते, ही कारणं होती. पॅराशूट असलं तर वैमानिक विमान लवकर सोडून देतील असंही वरच्यांच्या मनात होतं, असं म्हणतात. १९१७ मध्ये मेजर ऑर्ड-लीस नावाच्या गड्याने, जो आधी शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत अडकून जिवंत परतला होता, लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी मारून दाखवली. एवढ्या कमी उंचीवरूनही पॅराशूट उघडलं. हेरांना शत्रूच्या मुलखात उतरवायला ते वापरलं गेलं. म्हणजे ते चालत होतं! पण जळत्या विमानात बसलेल्या विशीच्या पोरांना ते मिळालं नाही. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट लावून उड्या मारू लागले, ते इंग्रज पोरांनी आपल्या कॉकपिटमधून पाहिलं असणार. युद्ध संपलं तरी निर्णय पुरता झाला नव्हता.

मला इथे साहेबाचाही थोडा दोष वाटतो, सांगून टाकतो. ज्या माणसाने रेल्वेत प्रत्येक किलोचा हिशोब केला, त्याचं पॅराशूट त्या काळच्या इवल्याशा विमानांना जड होतं, ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण तक्रार असेल तर सुधारून घ्या. बार्शीला त्याने हेच करून दाखवलं होतं. जड म्हणून फाईल मिटायची नसते, आस वाढवायचे असतात.

या नादात त्याने पदरचा बराच पैसा घातला. त्याला आणखी एक नाद होता, अरबी घोड्यांचा. एसेक्समधल्या घरी तो घोडे पाळायचा, आणि घोड्याला मारझोड न करता, मित्रासारखं वागवून कसं शिकवायचं, यावर त्याने १९२० मध्ये एक पुस्तकही लिहिलं. वाफेच्या घोड्याचा माणूस खऱ्या घोड्यावर पुस्तक लिहितो, मला हे फार आवडलं.

३० मार्च १९२७ ला तो गेला, वयाच्या सत्तराव्या वर्षी. बार्शी लाईट मिरजेला पोहोचली तेही हेच वर्ष.

बार्शी लाईट आता नाही. एकविसावं शतक उजाडल्यावर एकेक तुकडा ब्रॉडगेज होत गेला. कुर्डुवाडी ते लातूर मार्ग २००८ पर्यंत झाला, मिरजेची बाजू त्यानंतर. रूम पार्टनर म्हणतो, आता मुंबईची गाडी थेट बार्शीहून मिळते, रडायचं कशाला? खरंय त्याचं. मला त्याचा हेवाच वाटतो. मी मात्र अधूनमधून वहीच्या मागच्या पानावर बिरवाडी ते वरंध घाट अशी अडीच फुटांची रेघ काढून बघतो. पाच टनांचा आस, वीसास एक चढ. मग आमच्याकडचा पाऊस आठवतो, दरवर्षी वरंध घाटात येणाऱ्या दरडी आठवतात, आणि मॅनिफोल्डची दरीही आठवते. रेघ खोडत नाही, पण पुढेही नेत नाही.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तोंडी न देता मॉडेल करून दिलं. पाऊण इंची पी.व्ही.सी. पाईपचे दोन तुकडे, आत झाडूच्या दांड्या, मध्ये रबरी चेंडू अर्धा कापून आणि एक सायकलची स्पोक. चाकं बाटल्यांच्या झाकणांची. रूळ म्हणून जाड केबल वाकवून टेबलावर चिकटवली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, अख्ख्या प्रॅक्टिकल बॅचने टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वळणावर स्पोक निसटली आणि मॉडेल टेबलाखाली गेलं. सरांनी ते स्वतः वाकून उचललं, नळी कानाजवळ नेऊन हलवून पाहिली, आणि पिनला चेक नट का लावला नाही असं विचारलं.